ताट बदलले, पंगत तीच! : चर्चमधली 'भारतीय' उपासना आणि आपण



एखादी गोष्ट 'भारतीय संस्कृती'ची आहे असे कुणी म्हणाले, की आंबेडकरी माणसाने एकच प्रश्न विचारायचा असतो. कोणाची संस्कृती? हा प्रश्न आपण संघवाल्यांना विचारतो, सरकारी अभ्यासक्रमाला विचारतो. आज तो एका वेगळ्या जागी विचारायचा आहे. गेल्या साठ वर्षांत भारतातल्या कॅथलिक चर्चने आपली उपासना 'भारतीय' करण्याचे जे प्रयोग केले, त्या प्रयोगांना.

काही साथी म्हणतील, चर्चच्या उपासनेशी आपल्याला काय देणेघेणे? देणेघेणे आहे. नगर, जालना, औरंगाबादकडच्या गावांत फिरलात तर समजेल की तिथल्या ख्रिस्ती वस्तीतला माणूस कालपर्यंत आपल्याच महारवाड्यातला, मांगवाड्यातला होता. देशभरातही तेच चित्र आहे. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्वतःच जाहीर केले की १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत. म्हणजे ज्या चर्चमध्ये निम्म्याहून जास्त माणसे आपली, त्या चर्चने 'भारतीय' होताना कोणाकडे पाहिले, हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे. आणि या इतिहासात आपल्या विहारांसाठीही एक इशारा आहे. तो शेवटी सांगतो.

लॅटिन गेली, लोकांची भाषा आली

आधी घडले काय ते पाहू. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोपर्यंत जगभर बहुतेक कॅथलिकांची मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे राहत. लोकांना शब्द कळत नसत. ते आपले मागे बसून जपमाळ ओढत. पुरोहिताला कळणारी आणि लोकांना न कळणारी भाषा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याने लोकभाषांना दार उघडले. निरनिराळ्या समाजांच्या चालीरीतींना उपासनेत जागा देण्याचीही मुभा दिली. त्यानंतरची दोन-तीन दशके जगभर प्रयोगांची होती. अमेरिकेत गिटारवर मिस्सा सुरू झाल्या. हॉलंडमध्ये नव्या प्रार्थना रचल्या गेल्या. आफ्रिकेत झाईर, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, नाच, ढोल आणि पूर्वजांचे स्मरण असलेली मिस्सा तयार झाली. १९८८ साली रोमने तिला मान्यता दिली.

लोकांच्या भाषेत उपासना हा मोठा बदल होता आणि तो चांगला होता, यात शंका नाही. गोऱ्या मिशनऱ्यांच्या साच्यातून बाहेर पडायचे, हा हेतूही प्रामाणिक होता. वसाहतवादाचे ओझे उतरवायचे होते. वाद तिथे नाही. ओझे उतरवल्यावर त्या जागी काय उचलून घेतले, वाद तिथे आहे.

बारा मुद्दे कोणाच्या घरातून आले?

भारतातल्या प्रयोगांचे केंद्र होते बंगळूर. १९६७ मध्ये तिथे बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक होते फादर डी. एस. अमलोरपवदास. विद्वान, तळमळीचा आणि अफाट कष्ट करणारा माणूस. १९६९ साली बिशपांच्या परिषदेने उपासनेतले बदल सुचवले आणि २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने ते मान्य केले. 'बारा मुद्दे' म्हणून ते प्रसिद्ध आहेत.

त्यांत काय होते? चपला-बूट काढून जमिनीवर बसावे. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावे. पंचांग प्रणाम करावा. पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावावा. फादरांचा झगा साधा करून वर अंगवस्त्रासारखा पट्टा घ्यावा. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावावा. धूप देशी पात्रातून द्यावा. वेदीवरच्या कापडाच्या जागी ताट ठेवावे. फादरांचे स्वागत आरतीने करावे. फुले, धूप आणि दीप यांची आरती ओवाळावी.

वरवर पाहिले तर यात वावगे काय? जमिनीवर तर आपण सगळेच बसतो. दिवा तर झोपडीतही लागतो. पण मित्रांनो, शरीराची कोणतीही कृती हवेत जन्मत नाही. तिला इतिहास असतो. आणि तो इतिहास वरच्याला आणि खालच्याला एकसारखा आठवत नाही.

चपला काढणे घ्या. सवर्णाला ती देवासमोरची नम्रता वाटते. अस्पृश्याला गावातल्या वरच्या आळीतून जाताना पायातले हातात घ्यावे लागत असे. तो नियम मद्रास इलाख्यात होता आणि आपल्याकडेही होता. जमिनीपर्यंत वाकणे घ्या. महाराला वाकून 'जोहार' घालावा लागे. आपल्या चळवळीने तो जोहार मोडून काढला आणि ताठ मानेने 'जय भीम' म्हणायला शिकवले. बाबू हरदास एल. एन. यांचे नाव आपण त्यासाठीच घेतो.

अंगवस्त्र घ्या. तमिळ खेड्यात दलिताने खांद्यावरचे वस्त्र सवर्णासमोर काढून कंबरेला गुंडाळायचे असा दंडक होता. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांनी छाती झाकायच्या हक्कासाठी काही दशके लढा दिला आणि १८५९ मध्ये तिथल्या राजाला तो हक्क मान्य करावा लागला. त्या लढ्यात ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया पुढे होत्या! म्हणजे याच देशातल्या ख्रिस्ती इतिहासात खांद्यावरचे कापड हे बंडाचे निशाण होते. बारा मुद्द्यांत ते आले, पण फादरांच्या पोशाखाचा भाग होऊन आले. बंडाची आठवण बाहेरच राहिली.

आणि आरती? ज्या गाभाऱ्यात आपल्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्या गाभाऱ्यातले ते ताट. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून आपल्या माणसांनी सत्याग्रह केला. दार उघडले नाही. तेच ताट आता चर्चच्या वेदीवर 'आपली संस्कृती' म्हणून येत होते. नेमके कोणाची?

गायत्री मंत्र आणि आश्रम

बारा मुद्दे ही सुरुवात होती. पुढे 'भारतीय' प्रार्थनेचा मसुदा तयार झाला. डिसेंबर १९७४ मध्ये बंगळूरच्या केंद्रात बायबलबाहेरच्या धर्मग्रंथांवर मोठे चर्चासत्र झाले. उपनिषदांसारख्या ग्रंथांतले उतारे चर्चच्या उपासनेत वाचता येतील का, हा त्यातला प्रश्न होता. १९७५ साली रोमने हात आखडता घेतला. भारतीय प्रार्थनेचा मसुदा आणि उपासनेतले हे वाचन थांबवायला सांगितले.

पण आश्रमांत ते चालूच राहिले. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीच्या काठी शांतिवनम् नावाचा आश्रम आहे. १९५० मध्ये मोंशानें आणि हेन्री ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तो स्थापन केला. ल सो यांनी पुढे 'अभिषिक्तानंद' हे नाव घेतले. १९६८ पासून इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स तिथे होते. भगवी वस्त्रे, चंदन, कुंकू, आरती, उपनिषदांचे वाचन, संस्कृत मंत्र आणि गायत्री मंत्र हा तिथला नित्यक्रम.

गायत्री मंत्र! शूद्राने वेद ऐकला तर काय शिक्षा करावी हे सांगणाऱ्या धर्मशास्त्रांचा मंत्र. उपनयन झालेल्या द्विजासाठी राखून ठेवलेला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. दिवस नाताळचा होता हा योगायोग. पण पन्नासेक वर्षांनी त्याच ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या आश्रमात मनूच्या व्यवस्थेचे सर्वांत जपलेले वाक्य प्रार्थना म्हणून घुमत होते, याला योगायोग म्हणता येत नाही. ती निवड होती.

युरोपातून आलेले हे लोक वाईट होते का? नाही. ते साधे राहिले, गरिबीत राहिले. पण त्यांनी भारत शोधला तो संस्कृत ग्रंथांत. आश्रमाच्या कुंपणापलीकडे जी चेरी, म्हणजे तिथला महारवाडा होता, तिथे गाणी होती, ढोल होते, मेलेल्यांसाठीचे विलाप होते, देवीला आव्हान देणाऱ्या बाया होत्या. तो भारत नव्हता का? तो त्यांना भारताचा 'आत्मा' वाटला नाही. आत्मा ब्राह्मणाकडे आणि घाम दलिताकडे, ही वाटणी त्यांनी न बोलता मान्य केली.

शब्दांतही हेच दिसते. मराठी चर्चमध्ये मिस्सेला 'ख्रिस्तयाग' असाही शब्द रूढ आहे. याग म्हणजे यज्ञ. ज्या यज्ञसंस्थेला बुद्धाने नाकारले, जिच्याभोवती पुरोहितशाही वाढली, तिचाच शब्द एका जेवणाला लावला गेला. कारण मुळात मिस्सा म्हणजे काय? येशूने आपल्या सोबत्यांबरोबर केलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरी मोडून वाटून खाण्याची कृती. सहभोजन! आपल्या भाषेत त्याला 'पंगत' हा सरळ शब्द होता. तो कुणाला सुचला नाही.

ही वाट जुनीच आहे

१९६० नंतरच्या लोकांनी हे काही नव्याने शोधले नव्हते. १६०६ मध्ये रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट मदुराईला आला. त्याने पाहिले की गोरे लोक गोमांस खातात आणि खालच्या जातींत मिसळतात म्हणून ब्राह्मण त्यांना जवळ करत नाहीत. मग त्याने संन्याशाचा वेष घेतला, मांस सोडले, ब्राह्मण आचारी ठेवला, खालच्या जातींपासून अंतर राखले. ब्राह्मण धर्मांतरितांना जानवे, शेंडी आणि गंध ठेवू द्यावे म्हणून तो रोमपर्यंत भांडला. १६२३ मध्ये पोपने परवानगी दिली. पुढे खालच्या जातींसाठी वेगळे मिशनरी नेमले गेले. ब्राह्मणांचे फादर वेगळे आणि परयांचे फादर वेगळे!

या पद्धतीत काही मिशनरी मरायला टेकलेल्या अस्पृश्य ख्रिस्ती माणसाच्या झोपडीत जाऊन शेवटचा संस्कार द्यायलाही तयार नसत. १७०४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने जे हुकूम काढले, त्यात या प्रकाराला मनाई करावी लागली होती. १७४४ मध्ये रोमने या 'मलबार विधीं'वर कायमची बंदी घातली. बंदी येईपर्यंत सव्वाशेहून जास्त वर्षे गेली होती.

आज चर्चमधले अनेक लेखक नोबिलीला 'भारतीय संस्कृतीचा आदर करणारा पहिला' म्हणून गौरवतात. त्याच्या वाटेवर जात कुठे होती, हे बाजूला राहते.

ताट आले, पंगत कुठे आहे?

आता मूळ मुद्दा. वेदीवर ताट आले. त्या ताटातले खायला माणसे एका रांगेत आली का?

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला वडक्कनकुलम नावाचे गाव आहे. १८७२ मध्ये तिथे जे चर्च बांधले, त्याला दोन लांब दालने होती. विजारीच्या दोन पायांसारखी. एका पायात वेल्लाळ, दुसऱ्या पायात नाडार, मध्ये आड आणि समोर एकच वेदी. १९१० मध्ये ती आड तोडली गेली. तेव्हा वेल्लाळ ख्रिस्ती कोर्टात गेले! मद्रास हायकोर्टाने त्यांचा दावा मान्य केला नाही.

हे जुने झाले म्हणाल तर २००८ घ्या. विल्लुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूर गावात दलित कॅथलिकांना अंत्ययात्रा मुख्य रस्त्याने चर्चपर्यंत नेऊ देत नसत. त्यांनी वेगळ्या पॅरिशची मागणी केली. वण्णियार ख्रिस्ती त्याविरुद्ध उठले, घरांवर हल्ले झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. बारा मुद्द्यांना तेव्हा ३९ वर्षे झाली होती. आरती झाली होती, दिवे लागले होते, चपला बाहेर निघाल्या होत्या. प्रेताची वाट मात्र वेगळीच राहिली.

बामा यांचे 'करुक्कु' हे तमिळ आत्मकथन १९९२ मध्ये आले. बामा दलित कॅथलिक, काही वर्षे नन राहिलेल्या. कॉन्व्हेंटच्या आत जात कशी चालते हे त्यांनी उघड केले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. आपल्या दलित आत्मकथनांच्या शेजारी ठेवण्यासारखे ते पुस्तक आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती यांवरच्या त्यांच्या लिखाणात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मिशनऱ्यांनी लक्ष आणि पैसा उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर उधळला. आणि अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी त्याची जात सुटली नाही. ख्रिस्ती समाजाने आपल्यातल्या या अन्यायाविरुद्ध लढा उभारला नाही, ही त्यांची तक्रार होती.

तीन टीकाकार, एकच खरा प्रश्न

या प्रयोगांवर टीका करणारे तीन गट होते. त्यांच्यातला फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण आज पहिले दोनच गट जास्त ऐकू येतात.

पहिला गट जुन्या वळणाच्या कॅथलिकांचा. मद्रासचे व्हिक्टर कुलंदाई यांनी या बदलांविरुद्ध पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे, चर्चमध्ये हिंदू मूर्तिपूजा घुसते आहे, जुनेच बरे होते. दुसरा गट हिंदुत्ववाद्यांचा. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे, ख्रिस्ती लोक आमची चिन्हे चोरून धर्मांतराचे जाळे टाकत आहेत.

पाहा, दोघे एकमेकांचे शत्रू. पण दोघांचे एका गोष्टीवर एकमत. आरती, ओम, भगवे, संस्कृत म्हणजेच भारत! एक म्हणतो, तो भारत आम्हाला नको. दुसरा म्हणतो, तो भारत आमचा, हात लावू नका. आणि प्रयोग करणारे फादर म्हणत होते, तो भारत आम्हालाही द्या. तिघांच्या डोक्यातला भारत एकच होता.

तिसऱ्या गटाने तो भारतच तपासायला घेतला. महाराष्ट्रातून गेलेले अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये एक भाषण दिले. निर्मल प्रोटेस्टंट होते, पण त्यांनी उचललेला मुद्दा सगळ्या चर्चना लागू होता. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मण धर्मांतरितांनी ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या चौकटीत घडवला, आणि चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचे दुःख त्यात कुठेच नाही. तिथून पुढे 'दलित थिऑलॉजी' उभी राहिली. त्यातला 'दलित' हा शब्द आपल्या मराठी चळवळीने, दलित साहित्याने आणि पँथरने देशाला दिलेला. ही आपली ताकद आहे, ती विसरू नका.

पुण्यात जेझुइट अभ्यासक जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनी येशूच्या पंगतीवर लिहिले. येशू ज्यांच्याबरोबर जेवला ते त्या काळातले बहिष्कृत होते, आणि दलित ख्रिस्ती माणसासाठी त्याचा अर्थ काय, हा त्यांचा विषय. तमिळनाडूत थिओफिलस अप्पावू हे प्रोटेस्टंट धर्मगुरू लोकसंगीतातून उपासना रचत होते. चर्चमधले कर्नाटक संगीतातले कीर्तन ही वरच्या जातींची चव आहे, असे ते म्हणत. लोकांचे गाणे लोकांच्या वाद्यावर आणि सगळ्यांचे जेवण एका भांड्यात, असा त्यांचा आग्रह होता. दिंडिगुलला कॅथलिक नन्सनी दलित मुलींना पराई हे वाद्य शिकवून 'शक्ती' नावाचे कलापथक उभे केले.

पण इथेही सावध राहायला हवे. पराई हे लादलेले वाद्य आहे. गावात कुणी मेले की परयाने ते वाजवायचे, ही सक्ती होती. म्हणून कित्येक तमिळ दलितांनी पराई फोडून टाकली, वाजवणार नाही म्हणून सांगितले. आपल्याकडे बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका म्हणून सांगितले, तसेच ते. मग तीच पराई चर्चमध्ये का आणायची? याचे उत्तर एकच असू शकते. ती कोण वाजवतो, कोणासाठी वाजवतो आणि नाही म्हणण्याचा हक्क त्याला आहे का, यावर सगळे अवलंबून आहे. मालकाच्या प्रेतापुढे वाजली तर गुलामी. स्वतःच्या मोर्चात, स्वतःच्या मर्जीने, मुलींच्या हातात वाजली तर मुक्ती. वाद्य तेच, सत्ता बदललेली. 'लोककला' म्हणून टाळ्या पिटणाऱ्या सवर्णाला हा फरक कळत नाही. आपल्याला कळला पाहिजे.

आधी वजाबाकी, मग बेरीज

चर्चने पुढे कबुली दिली हेही नोंदवले पाहिजे. १९८२ मध्ये बिशपांच्या परिषदेने जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात जागा नाही असे जाहीर केले. २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूतल्या बिशपांना जातीवरून कडक शब्दांत सुनावले. २०१६ मध्ये दलितांसाठी धोरण निघाले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता चालते हे मान्य झाले. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. बारा मुद्दे १९६९ चे, दलित धोरण २०१६ चे. मधली ४७ वर्षे काय सांगतात? आरती आणायला घाई होती. जात काढायला घाई नव्हती.

आणि त्याच काळात सरकार काय करत होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये आपण बौद्ध त्यात आलो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. १९८५ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सरकार म्हणते, ख्रिस्ती झालात म्हणजे जात संपली. चर्चच्या रांगेत मात्र जात जिवंत. दोन्हीकडून मार एकाच माणसाला. त्याच्या हक्काच्या लढाईत आपण १९९० मध्ये आत आलेले लोक म्हणून त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. आपल्या वाट्याचे कमी होईल या भीतीने दार लावून घेणे, हे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

आता बाबासाहेबांकडे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात काय केले? तेसुद्धा नवी उपासनाच घडवत होते. पण त्यांची पद्धत उलटी होती. त्यांनी आधी वजाबाकी केली. बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच नकाराने होते. ब्रह्मा-विष्णू-महेश नको, राम-कृष्ण नको, गौरी-गणपती नको, अवतार नको, श्राद्ध नको, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म नको. जुने घर झाडून काढल्यावर मग त्रिसरण, पंचशील, प्रज्ञा, करुणा. आणि या प्रतिज्ञा लाखो लोकांना समजतील अशा मराठीत दिल्या. बंगळूरच्या प्रयोगाने फक्त बेरीज केली. जुने तसेच ठेवून वर नवे रचले. म्हणून जात खाली शाबूत राहिली आणि वर दिवा पेटला.

आपल्या विहाराचे काय?

दुसऱ्याच्या घरातली धूळ दाखवून थांबलो तर हा लेख फुकट गेला. आपल्या विहारातही पाहा. लग्न बौद्ध पद्धतीने, पण तारीख काढताना पंचांग कोण पाहते? गृहप्रवेशाला परित्राण पाठ, पण त्याआधी वास्तुशांती गुपचूप कोण उरकते? वंदना पालीत म्हणतो ते ठीक, पण किती तरुणांना तिचा अर्थ येतो? अर्थ न कळता म्हटलेली पाली आणि अर्थ न कळता ऐकलेली लॅटिन यांत फरक काय राहिला? आणि सर्वांत मोठा प्रश्न, विहाराच्या पंगतीत मातंग, चर्मकार, भटक्या जमातीतला भाऊ शेजारी बसलेला दिसतो का? की आपणही पंचशील झेंडा लावला आणि पंगत तीच ठेवली?

कुणी कोणतेही चिन्ह, कोणताही विधी 'आपली संस्कृती' म्हणून पुढे केला, तर चार प्रश्न विचारा. हे कोणी निवडले? याने आपल्या आजा-पणज्याचे काय केले होते? पुढे उभे राहून हे करतो कोण? आणि मागे उभ्या असलेल्याला ते कळते का? या चार प्रश्नांतून जे तरून जाईल ते घ्या. बाकीचे कितीही सुंदर दिसले, तरी दाराबाहेर ठेवा.

येशू बहिष्कृतांच्या पंगतीला बसला. बुद्धाने सुनीत भंगी आणि उपाली न्हावी यांना संघात घेतले. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिन्ही ठिकाणी ताट, पेला, भांडे कसले होते हे कुणाच्या लक्षातही नाही. कोण कोणाबरोबर बसले, प्यायले, जेवले, तेवढेच इतिहासाने लक्षात ठेवले.

जय भीम! नमो बुद्धाय!